रोज एका ढब्बूची शाई

आमच्या भागात मजुरीचे तीन प्रकार. साल, रोज आणि गुत्तं. सालगडी पाडव्याला ठरतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत. रोजंदार सकाळी येतो आणि दिवस मावळला की निघतो. गुत्त्याचं तसं नसतं. अमुक एवढं काम, अमुक एवढे पैसे. रात्री कर नाहीतर पहाटे कर, एकटा कर नाहीतर चार माणसं लाव. विहिरीचं खोदकाम, सोयाबीनची काढणी, घराचा गिलावा, सगळी बोलणी गुत्त्यावर होतात. फ्रीलान्सिंगला मराठी शब्द शोधताना शहाण्या मंडळींनी ‘मुक्त व्यावसायिक’ असं काहीतरी काढलं. माझ्या आज्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पोरगं गुत्त्यानं चित्रं काढायलंय.

मला आज्याचा शब्द जास्त पटतो. ‘मुक्त’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच डोंगर, कॉफीचा मग आणि मांडीवरचा लॅपटॉप येतो. गुत्तं म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा निघतो, दुसरा मुदतीचा, आणि तिसरा म्हणजे काम अर्ध्यात असताना पाऊस आला तर काय. खरे प्रश्न तेच आहेत.

गेली दहा वर्षं, आधी लातूरहून आणि आता अंबाजोगाईतून, मी हेच करतोय. लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, शिक्षणाच्या ॲपसाठी पात्रं, अधूनमधून जाहिरातीचे स्टोरीबोर्ड. काम देणारे मुंबईत, बंगळुरात, आणि एक बाई न्यूयॉर्कजवळ. त्यांच्या सकाळी नऊला माझे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात, हिवाळ्यात साडेसात, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ पुढंमागं करतात. इकडे ते रोजच होतं, फक्त कुणी जाहीर करत नाही.

या धंद्यातल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ. पहाटे पाचला उठा. कामाची जागा वेगळी ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. स्वातंत्र्य आणि शिस्त यांचा तोल साधा. सल्ला वाईट नाही, अर्धवट आहे. तो एकट्या माणसाला दिलेला असतो, जणू वेळापत्रक तो एकटाच बनवतो आणि एकटाच मोडतो. माझं म्हणणं असं की आमच्या दिनचर्येचा निम्मा भाग दुसऱ्यांच्या हातात असतो. लाईट सोडणाऱ्याच्या, पाणी सोडणाऱ्याच्या, बिल मंजूर करणाऱ्याच्या, आणि ‘घरीच तर आहेस’ म्हणणाऱ्याच्या. तो निम्मा भाग आहे तसा ठेवून उरलेल्या निम्म्यावर आम्हाला व्याख्यानं देणं आता थांबवा.

आधी माझ्या वाट्याच्या निम्म्याचं सांगतो, नाहीतर सगळं खापर दुसऱ्यांवर फोडतोय असं वाटायचं.

पहिली दोन वर्षं मी मूडवर काढली. मूड आला की रात्री तीनपर्यंत, नाही आला की अकराला उठून चहा. चोवीस पानांचं एक पुस्तक होतं, मुदत तीन महिन्यांची. त्यातली वीस पानं मी शेवटच्या नऊ दिवसांत काढली. सातव्या पानावर पोरीच्या फ्रॉकला खिसा होता, एकोणिसाव्या पानावर नव्हता. आणि गोष्टच अशी होती की त्या खिशात तिने चिंचोके ठेवलेले असतात. संपादकबाईंनी फ्रॉकभोवती लाल गोल काढून पान परत पाठवलं, खाली एक अक्षर लिहिलं नाही. त्या गोलाने मला जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही. खिसा विसरायला प्रतिभेची कमतरता लागत नाही. कालचं पान आज समोर नसलं की पुरतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, नऊ ते सहा, मध्ये जेवणाची सुट्टी, थेट ऑफिस. ते तेवीस दिवस टिकलं. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो आणि कधी येतो ते नळालाच माहीत. ‘नळ आलाऽऽ’ अशी शेजारून हाक आली की मोटार लावायची, टाकी भरायची, मग बॅरल, मग घागरी, आणि प्रेशर गेलं की पाइप हातात धरून उभं राहायचं. नोकरीवाले त्या वेळी नोकरीवर असतात. दुपारी कधीतरी डीपीवरचा फ्यूज जातो. लाईट गेली की दीड-दोन तासांत टॉवरची बॅटरी उतरते, मग नेटही जातं, आणि बंगळुरातला माणूस समजतो की हा फोन उचलत नाही. या सगळ्यावर तात्या, आमचे चुलते.

“काय करायलास रे?”

“काम करायलाव तात्या.”

“ते हाय की. बँकेत जाऊन येऊ चल, माझं ते केवायशी राहिलंय. तू घरीच हाईस तर.”

तात्यांवर राग नाही. त्यांच्या लेखी काम म्हणजे जिथे कुणीतरी आपली वाट बघतो ती जागा. शेतात बैल वाट बघायचे, शाळेत मास्तर. माझी वाट बघणारं कुणी दिसत नाही, मग मी मोकळाच. लग्नाच्या बैठकीत “मुलगा काय करतो?” या प्रश्नाला माझी आई अजून “घरीच असतो” म्हणते आणि समोरच्यांचा चेहरा पडला की घाईने पुढे जोडते, “कम्प्युटरवर.”

हे फक्त घरातल्या गमतीचं नाही, याचा अंदाज मला पहिल्याच वर्षी यायला हवा होता. २०१६च्या उन्हाळ्यात मी लातूरला खोली करून होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लावलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा प्रत्येक घरातून एकजण रांगेत लागायचा. खोलीतले बाकीचे दोघं क्लासला आणि दुकानात. घरी कोण? मी. एका पुस्तकाची अर्धी रफ स्केचेस मी त्या रांगेत घागरीवर वही ठेवून केली. तेव्हा मला ते साहसाचं वाटलं होतं. आज वाटतं, शहराची पाण्याची अडचण आम्ही ‘घरीच असणारे’ लोक फुकटात भरून काढत होतो. बायका हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या, मला फक्त एका उन्हाळ्यात कळलं.

अंबाजोगाईत राहणाऱ्याला दासोपंत टाळता येत नाहीत. सोळाव्या शतकातला हा संतकवी. गीतेवरचा त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ओळखला जातो. आणि पंचीकरण हा ग्रंथ त्यांनी लिहिला तो कापडावर. ती पासोडी सुमारे चाळीस फूट लांब आहे, ओव्यांबरोबर आकृत्याही आहेत. चित्र काढणाऱ्या माणसाला तिच्याविषयी ऐकूनच घाम फुटतो. कापडावर शाई पसरते, ओळ वाकडी गेली तर मागे जाण्याची सोय नाही, आणि पुढे अजून तीस फूट रिकामे.

गावात सांगतात की दासोपंतांना लिहायला रोज एका ढब्बूची शाई लागायची. ढब्बू म्हणजे तांब्याचा जाडजूड पैसा. आख्यायिका आहे, असेना. मला त्यातलं माप आवडतं. पंत किती तास बसायचे हे कुणी सांगत नाही. पहाटे कितीला उठायचे, तेही नाही. शाई किती संपली, एवढंच. ऑफिसचं घड्याळ घरात आणून भिंतीला टांगण्यापेक्षा हे माप आमच्या कामाला कितीतरी जवळचं आहे.

तेव्हापासून मी तास मोजणं सोडलं. एका पानाचं रेखाटन पूर्ण झाल्याशिवाय मेल उघडायचा नाही, एवढा एकच नियम. ते नऊला झालं तर नऊला, अकराला झालं तर अकराला. सुरुवात मात्र सहाला, कारण त्या वेळी बँक बंद असते, तहसील बंद असतं, पिठाची गिरणी बंद असते. मला पाठवावं असं एकही ठिकाण उघडं नसतं. रंगकाम दुपारी, कारण त्यात हाताला काम असतं आणि डोकं तात्यांना देता येतं. याला तोल म्हणा, तडजोड म्हणा. माझं पान रोज होतं आणि खिसे शाबूत राहतात.

पण त्या ढब्बूच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ती लक्षात यायला मला सात महिने आणि ६२ हजार रुपये लागले. रोज एका ढब्बूची शाई लागत होती, म्हणजे रोज एका ढब्बूची शाई मिळत होती.

मुंबईतल्या एका कंपनीचं काम होतं, नाव कशाला. काम वेळेत दिलं, पसंत पडलं, वापरलं गेलं. बिल पाठवलं आणि मग सुरू झालं. ‘फायनान्सकडे दिलंय.’ ‘या सायकलमध्ये बसलं नाही.’ ‘सरांची सही राहिलीय.’ चौथ्या महिन्यात विवरणपत्राच्या तयारीसाठी मी माझं २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, काढलं तर त्यात या कंपनीने माझ्या नावावर कापलेला दहा टक्के कर दिसला. ६,२०० रुपये सरकारजमा. म्हणजे त्यांच्या वहीत माझं बिल खर्ची पडलं होतं. माझ्या खात्यात मात्र एक रुपया आला नव्हता.

त्या सात महिन्यांत माझ्या शिस्तीचं काय झालं ते सांगतो. मी पहाटे सहाला बसलो नाही, कारण रात्री दीडपर्यंत फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून वाढदिवसाचे बॅनर करत होतो. ‘भावी नगरसेवक’ मध्ये मोठा, खाली पासष्ट शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, एकाचाही चेहरा दुसऱ्यापेक्षा लहान चालत नाही, आणि सकाळी सातला चौकात लागलाच पाहिजे. पैसे रोख मिळायचे, त्यावर घर चाललं. पुस्तकाचं पान रोज होत नव्हतं. कुणी मला तेव्हा भेटला असता तर म्हणाला असता, या पोराला वेळेचं नियोजन जमत नाही. नियोजन जमत होतं. शाई येत नव्हती.

यावर कायदा आहे, आणि आमच्यातल्या फार थोड्यांना तो माहीत असतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्यात घरी बसून चित्रं काढणारा एकटा माणूसही ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणून बसू शकतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, आधारवर होते, फुकट आहे. ती असेल तर पैसे देण्याची मुदत, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. पुढे गेली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२३च्या वित्त कायद्याने अशी सोय केली की मुदत उलटली आणि त्या वर्षातही पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा दाखवता येत नाही. कागदावर याहून चांगली तरतूद शोधून सापडायची नाही.

मी धावत नोंदणी केली. तेव्हा कळलं की ती कामाच्या आधीची लागते. माझ्या ६२ हजारांना तिचा उपयोग शून्य. ते पैसे आले ते एका ओळखीच्या ओळखीने, सातव्या महिन्यात, ‘सॉरी फॉर द डिले’सकट. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बिलावर पॅनच्या खाली उद्यम क्रमांक असतो. दोन कंपन्यांनी तो बघून आपणहून विचारलं, ४५ दिवस कधी भरतात? एकीने काम देणंच बंद केलं, हेही सांगितलं पाहिजे.

इथेच तर मेख आहे. तक्रार करण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याला पुढचं कामही त्याच दारात मागायचं असतं. तेव्हा हा प्रश्न एकट्या चित्रकाराच्या धाडसावर सोडून भागणार नाही. कर कापायचा म्हणून कंपनी पॅन मागते, पॅन दिल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. उद्यम क्रमांक आणि देय तारीख त्याच अर्जात सक्तीची करायला काय हरकत आहे? आणि सरकारने सुरुवात स्वतःपासून करावी. जिल्हा परिषदा, नगरपरिषदा, महामंडळं घडीपत्रिका, भिंतीचित्रं, माहितीपट आमच्यासारख्या लोकांकडूनच करून घेतात. मार्चअखेरीला आणि निधी आला की पैसे, ही पद्धत चालू ठेवून उद्योजकतेचे मेळावे घेण्यात काही अर्थ नाही.

नव्या कामगार संहितांनी, ज्या २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाल्या, गिग कामगार, म्हणजे नोकरीत नसलेला, एकेक काम घेणारा, हा शब्द कायद्यात आणला. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा सामाजिक सुरक्षेसाठी द्यावा असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण मी जे काम मेलवर थेट ठरवतो त्यात मध्ये ॲपच नाही. तिथे वाटा कोण देणार?

गुत्त्याला स्वातंत्र्य समजणाऱ्यांनी आमच्या बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणारे कोयते बघावेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनावारी फेडायची. कागदावर तेही ‘काम कर आणि पैसे घे’च आहे. पण कारखान्याची गाडी रात्री दोनला फडात आली तर रात्री दोनला मोळ्या भराव्या लागतात. माझी त्यांच्याशी तुलना करणं उद्धटपणाचं होईल. मी पंख्याखाली बसतो. हिशेबाची रीत मात्र ओळखीची वाटते. त्यांना पैसे आधी देऊन बांधलं जातं, आम्हाला नंतर देऊन. वेळ दोन्हीकडे देणाऱ्याची.

माझ्या ओळखीतल्या एक वहिनी आहेत, मराठी मालिकांची उपशीर्षकं इंग्रजीत करतात. पहाटे साडेतीन ते सहा, आणि दुपारी घर झोपलं की दीड तास. एका कार्यक्रमात त्या बसल्या होत्या, तिथे पाहुणे वक्ते ‘स्वतःचं वेळापत्रक स्वतः आखा’ या विषयावर बोलून गेले. प्रश्न विचारा म्हटल्यावर वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, “सर, हे मला सांगू नका, माझ्या सासूबाईंना सांगा.” सभागृह हसलं. वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्याकडे लॅपटॉप आहे, काम आहे, त्या काम वेळेवर देतात. नाही ती आतून कडी लावता येईल अशी खोली.

एवढं सगळं म्हणून मी नोकरी धरत नाही, हेही खरं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-अंबाजोगाईचे रस्ते ओस पडतात. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं आंबील, आणि जेवून झाडाखाली ताणून देणं. त्या दिवशी मी चार वर्षांपासून काम करत नाही. पहिल्या वर्षी बंगळुरात कळवलं तेव्हा त्यांनी सुट्ट्यांची यादी बघून विचारलं, ही कुठली सुट्टी? मी आंबिलाचा फोटो पाठवला. पुण्यातल्या माझ्या नोकरीवाल्या मित्रांना ही सुट्टी रजेच्या अर्जाने मागावी लागते आणि कारण म्हणून ‘कौटुंबिक’ लिहावं लागतं. माझ्या स्वातंत्र्यात एवढं नक्की आहे, आणि ते थोडं नाही.

राहिला जागेचा प्रश्न. को-वर्किंग वगैरे आमच्याकडे तालुक्याच्या गावात नाही, आणि आलं तरी परवडायचं नाही. आहेत त्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, महिन्याच्या पैशावर एक खुर्ची, एक दिवा, एक प्लग. लातूरला त्या गल्लोगल्ली आहेत. मी सहा महिने एकीत बसलो. शेजारची पोरं राज्यघटना पाठ करत होती आणि मी माकडाला शेपूट काढत होतो; एकाने न राहवून विचारलं, दादा, ही कुठली पोस्ट? पण त्या सहा महिन्यांत मला एकदाही कुणी बँकेत पाठवलं नाही. घराबाहेरची एक खुर्ची माणसाच्या कामाला काम ठरवते, हे मी तिथे पाहिलं.

ती खुर्ची सार्वजनिक ग्रंथालयात का नसावी? १९६७पासून राज्यात ग्रंथालयांचा कायदा आहे, दहा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत, अ-ब-क-ड वर्गांची, तुटपुंज्या अनुदानावर चालणारी. पुष्कळांत दुपारी पंख्याखाली पेपर वाचणारे चार आजोबा आणि बाकी रिकामी बाकं. तिथे प्रत्येकी चार टेबलं, प्लग, इन्व्हर्टर आणि नेट दिलं तर वहिनींना दुपारचे चार तास मिळतील. सासूबाईसुद्धा ‘वाचनालयात कामाला जाते’ असं शेजारी सांगू शकतील.

मी आमच्या इथल्या एका वाचनालयात तसा अर्ज दिलाय. दोन प्लग आणि खिडकीजवळचं एक टेबल, लाईटबिलाचा वाटा मी भरेन, असं लिहून. सचिव भले गृहस्थ आहेत, त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. बैठक कधी आहे विचारलं, तर म्हणाले, ते अजून ठरलेलं नाही, पण तुम्ही घरीच असता ना, फोन करून बोलावून घेतो.